ऑलिव्ह तेल : कोणत्या प्रतीचे, कोणत्या कामासाठी?

किराणा दुकानांच्या फळ्यांवर शेंगदाणा, करडई आणि सूर्यफुलाच्या तेलांशेजारी ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या दिसू लागल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. दिवाळीला व्यापारी स्नेह्यांकडून येणाऱ्या भेटपेट्यांत त्या असतात आणि हृदयविकाराची शंका येताच घरात येणाऱ्या पहिल्या सामानातही असतात. मात्र एकाच फळीवर, एकाच फळाचे चित्र मिरवणाऱ्या चार बाटल्यांवर चार निरनिराळे शब्द आढळतात : ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’, ‘प्युअर’, ‘एक्स्ट्रा लाइट’ आणि ‘पोमेस’. त्यांच्या किमतींतही मोठे अंतर असते. अशा वेळी घेणारा बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. जे सर्वांत महाग ते सर्वांत उत्तम, असे मानून तेच तळणापासून फोडणीपर्यंत सर्वत्र वापरतो. किंवा ‘शेवटी सगळे ऑलिव्हच’ असे म्हणून सर्वांत स्वस्त डबा उचलतो. पहिल्या मार्गाने पैसा वाया जातो. दुसऱ्या मार्गाने, ज्या हेतूने हे तेल घरात आणले तो हेतूच हुकतो.

तूर, कापूस, हळद किंवा गूळ हातात घेताच त्याची प्रत सांगणारी माणसे ज्या घरांत आहेत, त्या घरांनाही या परदेशी शब्दांपुढे थबकावे लागते. वस्तुतः ऑलिव्हची प्रतवारी समजण्यास कठीण नाही. तेलाच्या घाण्याचा, पेंडीचा आणि रिफायनरीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तर ती सहज उमगावी.

प्रत कशी ठरते

ऑलिव्हचे तेल मुख्यतः फळाच्या गरातून निघते. ताजी फळे दळून त्यांचा लगदा करतात, तो मळतात आणि यंत्रात वेगाने फिरवून त्यातील तेल व पाणी वेगळे करतात. कोणतेही रसायन न वापरता, केवळ अशा यांत्रिक रीतीने निघालेल्या तेलाला ‘व्हर्जिन’ म्हणतात. आपल्याकडील घाण्याच्या तेलाशी त्याचे नाते जवळचे आहे.

या व्हर्जिन तेलातही पायऱ्या आहेत. ऑलिव्ह उत्पादक देशांची आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषद १९५९ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय स्पेनमधील माद्रिद येथे आहे. तिच्या मानकानुसार १०० ग्रॅम तेलात मुक्त आम्लाचे प्रमाण ०.८ ग्रॅमपेक्षा अधिक नसेल, तरच त्या तेलाला ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणता येते. याखेरीज प्रशिक्षित चवपारख्यांच्या मंडळाला त्यात एकही दोष आढळता कामा नये आणि फळाचा ताजा स्वाद जाणवला पाहिजे. आम्लाचे प्रमाण २ ग्रॅमपर्यंत असेल आणि चवीत किरकोळ उणीव असेल, तर ते नुसते ‘व्हर्जिन’ ठरते. हे प्रमाण ३.३ ग्रॅमच्या वर गेले, की तेल आहे त्या स्थितीत खाण्यायोग्य राहत नाही. युरोपात त्याला ‘लाम्पांते’ म्हणतात, म्हणजे दिव्याचे तेल. कारण पूर्वी ते दिव्यांत जाळत असत.

हे दिव्याचे तेल टाकून देत नाहीत. त्यातील आम्ल, रंग आणि वास काढून त्याचे रिफाइंड तेल बनवतात. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते, म्हणून त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळतात. बाटलीवर नुसते ‘ऑलिव्ह ऑइल’ किंवा ‘प्युअर ऑलिव्ह ऑइल’ लिहिलेले असते, तेव्हा बहुधा आत हेच मिश्रण असते. ते खाण्यास योग्य आहे आणि त्यात लबाडीही नाही. परंतु ‘प्युअर’ या शब्दावरून ग्राहकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते हे नव्हे.

उरला ‘पोमेस’. भुईमुगाचे तेल काढल्यावर जशी पेंड राहते, तसा ऑलिव्हचे तेल काढल्यावर साल, गर आणि बिया यांचा चोथा राहतो. त्यात अल्प तेल शिल्लक असते. ते द्रावकाच्या साहाय्याने, म्हणजे आपल्याकडील सॉल्व्हंट कारखान्यांत पेंडीतून काढतात त्याच पद्धतीने काढतात, मग रिफाइन करतात आणि त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळून विकतात. परिषदेच्या मानकानुसार या तेलाला ‘ऑलिव्ह ऑइल’ असे नुसते नाव देता येत नाही. ‘पोमेस’ हा शब्द सोबत असलाच पाहिजे. आपल्या बाजारात हाच शब्द कित्येकदा बारीक अक्षरांत असतो आणि ‘भारतीय स्वयंपाकासाठी’ ही ओळ ठळक असते. म्हणून डबा हातात घेतल्यावर प्रथम हा एक शब्द शोधावा.

जे शब्द प्रत सांगत नाहीत

काही शब्दांना प्रतीचा आव असतो, पण त्यांवरून प्रत कळत नाही. ‘लाइट’ व ‘एक्स्ट्रा लाइट’ हे त्यांतील सर्वांत फसवे. त्यांतला हलकेपणा चवीचा आणि रंगाचा आहे, उष्मांकांचा नव्हे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ कॅलरी मिळतात. ‘लाइट’ ऑलिव्हही त्याला अपवाद नाही. वजन उतरवण्याच्या आशेने ते घेणाऱ्याच्या पदरी अधिक रिफाइंड तेल तेवढे पडते.

आम्लाच्या आकड्याविषयीही एक गैरसमज आहे. कमी आम्ल म्हणजे उत्तम तेल, हे केवळ व्हर्जिन तेलांची परस्परांशी तुलना करताना खरे असते. रिफाइंड ऑलिव्ह तेलात आम्ल ०.३ ग्रॅमच्या आतच असते, म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिनच्या मर्यादेहूनही कमी. कारण ते प्रक्रियेने काढून टाकलेले असते. म्हणून निव्वळ आकड्यावर न जाता, तो कोणत्या प्रतीच्या नावाखाली छापला आहे ते पाहावे.

हिरवा रंगही प्रतीची खूण नाही. फळांची जात आणि पक्वता यांनुसार उत्तम तेल पिवळेही असू शकते. चवपारखी मंडळे तेल निळ्या काचेच्या पेल्यातून चाखतात, ते रंगाचा प्रभाव मतावर पडू नये म्हणूनच. फ्रिजमध्ये तेल गोठले तर ते अस्सल, ही घरगुती परीक्षाही भरवशाची नाही. कोणते तेल कधी गोठेल, हे त्यातील मेणांवर व स्निग्धाम्लांवर अवलंबून असते. भेसळीचा पत्ता त्यातून लागत नाही.

कीर्ती कोणत्या तेलाची?

ऑलिव्ह तेल घरात येते ते बहुधा आरोग्याच्या कारणाने. म्हणून ही कीर्ती नेमक्या कोणत्या प्रतीने मिळवली, ते पाहणे अगत्याचे आहे. या विषयावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग स्पेनमध्ये झाला. ‘प्रेडिमेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेली ७,४४७ माणसे सहभागी होती. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे व्यक्तींच्या गटवाटणीतील त्रुटी आढळल्याने तो शोधनिबंध मागे घेण्यात आला आणि फेरमांडणी करून २०१८ साली पुन्हा प्रसिद्ध झाला. मुख्य निष्कर्ष साधारणपणे तोच राहिला : भाज्या, कडधान्ये, फळे आणि सुकामेवा यांवर भर असलेल्या भूमध्यसागरी आहारासोबत ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. त्या माणसांना पुरवलेले तेल एक्स्ट्रा व्हर्जिन होते.

याचे कारण तेलातील पॉलिफेनॉल या घटकांशी जोडले जाते. हे घटक फळातून तेलात उतरतात आणि रिफाइन करताना बहुतांशी निघून जातात. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानुसार २० ग्रॅम तेलात या जातीचे ठरावीक घटक किमान ५ मिलिग्रॅम असतील, तरच त्यांच्या उपयोगाचा दावा लेबलवर करता येतो. पोमेस किंवा ‘एक्स्ट्रा लाइट’ तेलाला हा लाभ मिळवून देणे कठीण. त्यांतील स्निग्धाम्लांची रचना मात्र बरीचशी तशीच राहते. ओलेइक आम्ल त्यांतही भरपूर असते. म्हणजे ही तेले वाईट नाहीत. पण औषधी गुणांच्या आशेने त्यांचे दाम मोजणे व्यर्थ आहे. आणि नेहमीच्या आहारात काहीच न बदलता वरून चार चमचे ऑलिव्ह ओतले, तर कोणत्याही प्रतीचे असले तरी त्याने उष्मांकच वाढतात.

आपल्या स्वयंपाकघरात

आता प्रश्न उरतो तो रोजच्या वापराचा. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात प्रत्येक पदार्थाचा मूळ स्वाद अधिक स्पष्ट असतो. त्यामुळे तेलाचा गंधही लपत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिनचा खरा उपयोग तेथेच होतो, जेथे ते कच्चे किंवा शेवटी वरून घालता येते. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, वाफवलेले मूग, खाखऱ्यावरचा हात, भोपळ्याचे सूप, मुलांसाठी केलेला पास्ता, अशा पदार्थांत त्याची किंचित कडसर, तिखट चव खुलते. गरम भाजीवर आच बंद केल्यानंतर ते घातले, तरी चालते.

फोडणीत मात्र त्याचे मोल उरत नाही. मोहरी तडतडते, हिंग आणि कढीपत्ता पडतो, त्या दरवळात ऑलिव्हचा नाजूक गंध हरवून जातो. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन तापवले की त्याचे विष होते’ असे काही जण सांगतात, ते खरे नाही. या तेलातून धूर साधारण १९० ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघू लागतो आणि तळण बहुधा १७० ते १९० अंशांवर होते. स्पेनमधील अनेक घरांत त्यातच तळतात. प्रश्न अपायाचा नसून अपव्ययाचा आहे. ज्या स्वादासाठी व घटकांसाठी अधिक पैसे मोजले, ते कढईत बरेचसे नाहीसे होतात. धूर निघेपर्यंत तेल तापवणे मात्र कोणत्याही तेलाच्या बाबतीत टाळावे.

मग फोडणीसाठी व तळणासाठी पोमेस घ्यावे काय? घेतले तर चालते. ते उष्णता सोसते आणि त्याला वास नसतो. तथापि चांगले शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल ही कामे तितक्याच समर्थपणे करते, आपल्या पदार्थांच्या चवीला साजते आणि दूरच्या बंदरातून यावे लागत नाही. शेंगदाणा तेलातही ओलेइक आम्ल पुष्कळ असते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही एकाच तेलावर विसंबून न राहता निरनिराळी तेले वापरण्याचा सल्ला देते. पुऱ्या, शेव आणि चकल्या ऑलिव्हच्या तेलात तळल्याने त्यांचे पथ्य होत नाही.

खर्चाचा हिशेबही येथे मांडून पाहावा. चार माणसांच्या घरात प्रत्येकी रोज ५ मिलिलिटरचा एक चमचा एक्स्ट्रा व्हर्जिन कच्चे घेतले, तर दिवसाला २० आणि महिन्याला ६०० मिलिलिटर लागते. त्याच घरात फोडणी आणि तळणही त्याच तेलात केले, तर महिन्याला तीन-चार लिटरही पुरणार नाहीत. पहिल्या मार्गाने उत्तम प्रतीची लहान बाटली परवडते. दुसऱ्या मार्गाने खर्च अंगावर येतो, मग घर हळूहळू स्वस्त डब्याकडे वळते आणि नाव तेवढे ऑलिव्हचे राहते. वरून घालण्यासाठी थोडे पण उत्तम एक्स्ट्रा व्हर्जिन आणि आचेवरच्या कामांसाठी आपले नेहमीचे तेल, ही वाटणी बहुतेक घरांना पुरेशी आहे.

घेताना आणि ठेवताना

दारूसारखे किंवा लोणच्यासारखे हे तेल जुने होऊन सुधारत नाही. प्रकाश, उष्णता आणि हवा हे त्याचे तीन शत्रू. म्हणून गडद काचेची बाटली किंवा डबा घ्यावा. उन्हाच्या काचेत मांडून ठेवलेली पारदर्शक बाटली कितीही देखणी असली तरी टाळावी. लेबलवर फळे काढल्याचा हंगाम दिलेला असेल तर सर्वांत नवा पाहावा. तो नसेल तर वापराच्या अंतिम तारखेला बराच अवकाश आहे ना, ते पाहावे. भारतात विकले जाणारे बहुतेक ऑलिव्ह तेल स्पेन आणि इटलीतून समुद्रमार्गे येते, त्यामुळे त्याचे काही आयुष्य वाटेतच सरलेले असते. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो खरा, परंतु उघडल्यानंतर तो महिनोन्महिने पुरवून वापरला, तर शेवटी खवट तेल खावे लागते. अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी, झाकण घट्ट लावून शेगडीपासून दूर ठेवावी आणि दोनेक महिन्यांत संपवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हे पथ्य अधिकच काटेकोर पाळावे.

बाटली उघडताच एक चमचा तेल कोरडेच चाखून पाहावे. जुन्या शेंगदाण्यासारखा खवटपणा, ओल्या पोत्यासारखा कुबट वास किंवा आंबूसपणा जाणवला, तर लेबलवर काहीही लिहिलेले असो, ते तेल त्या प्रतीचे राहिलेले नाही. उलट घशात किंचित तिखट झणका बसला, थोडा खोकला आला, तर बिघाड समजून घाबरू नये. तो झणका ताज्या तेलातील ओलिओकँथाल या घटकाचा असतो आणि चवपारखी त्याला गुण मानतात. २०१० साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या अहवालात, तेथील दुकानांतून घेतलेल्या आयात ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ नमुन्यांपैकी ६९ टक्के नमुने चवीच्या कसोटीवर त्या प्रतीस उतरले नव्हते. त्या पाहणीस स्थानिक उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते, हेही ध्यानात ठेवावे. तरीही लेबलसोबत स्वतःची जीभ वापरण्याची गरज त्यातून दिसते.

विकणाऱ्याची बाजू

प्रतवारी हा ग्राहकाच्या हौसेचा विषय नाही, हे सांगणाऱ्या घटना तेलाच्या इतिहासात आहेत. १९८१ साली स्पेनमध्ये, कारखान्यांसाठी आणलेले आणि खाण्यास अयोग्य व्हावे म्हणून ॲनिलिन मिसळलेले रॅपसीडचे तेल शुद्ध करून, लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या डब्यांतून दारोदार विकले गेले. कित्येकांनी ते ऑलिव्ह तेल म्हणून घेतले. सुमारे २०,००० माणसे आजारी पडली आणि ३०० हून अधिक दगावली. २००१ साली त्याच देशात पोमेस तेलांत बेंझोपायरीन हा घातक घटक आढळल्याने ती बाजारातून मागे घ्यावी लागली आणि त्याची कडक मर्यादा ठरवण्यात आली. आपल्याकडे १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील धोतऱ्याच्या, म्हणजे पिवळ्या काटेरी धोतऱ्याच्या बियांच्या तेलाच्या भेसळीने ६० हून अधिक बळी घेतले आणि त्याच वर्षी खाद्यतेलाच्या पॅकबंद विक्रीचा केंद्रीय आदेश निघाला.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ मोजला आहे, म्हणजे एका मालासारखा दिसणारा दुसरा, हलका माल त्याच्या नावावर खपवणे. काउंटरवर उभ्या असलेल्या दुकानदाराला हा अतिचार भेसळीविनाही घडू शकतो. ग्राहकाने ‘हृदयासाठी ऑलिव्ह द्या’ म्हणावे आणि दुकानदाराने पोमेसचा डबा काही न बोलता पुढे करावा, यात कायदा मोडत नाही. पण ग्राहकाचा समज तसाच राहू दिला, हे खरेच. दुकानातील मुलांना चार प्रतींतील फरक समजावून देण्यास अर्धा तासही लागत नाही.

प्रत सर्व काही सांगते, असेही नाही. तेल कोणत्या रीतीने निघाले, ते प्रतीवरून कळते. फळे कशी उतरवली, ते कळत नाही. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात दाट लावलेल्या ऑलिव्हच्या ओळींवरून शोषकयंत्रे रात्री फिरवली जात आणि त्यांत झाडांवर निजलेले असंख्य पक्षी मरत. हे उघडकीस आल्यावर २०१९ साली तेथील प्रांतिक शासनाने रात्रीची काढणी थांबवली. जीवदया मानणाऱ्या घरांनी आणि आयात करणाऱ्या पेढ्यांनी, फळे दिवसा काढली होती काय, एवढा एक प्रश्न पुरवठादाराला अवश्य विचारावा. उत्तर लेखी मागितले तर अधिक चांगले; मालासोबत प्रयोगशाळेचा दाखला मागणाऱ्या व्यापाऱ्याला ही मागणी नवी नाही.

पुढच्या खेपेस यादीत नुसते ‘ऑलिव्ह तेल’ न लिहिता ‘एक्स्ट्रा व्हर्जिन, अर्धा लिटर, गडद बाटली, नवा हंगाम’ असे लिहावे आणि त्याखाली नेहमीप्रमाणे शेंगदाणा तेल. एवढ्या दोन ओळींनी घरातील पैसा आणि पथ्य दोन्ही योग्य जागी लागतील.